सरकारी एमआर की खासगी एमएमआर? आणि कार्डावरची रिकामी चौकट

उंबरठा, नाशिक

आमच्या मुलीला पुढच्या आठवड्यात नऊ महिने पूर्ण होत आहेत. आतापर्यंतच्या सर्व लसी आम्ही महापालिकेच्या दवाखान्यात घेतल्या असून माता-बाल संरक्षण कार्डावर बीसीजीपासून पेंटाच्या तिसऱ्या डोसापर्यंतच्या सगळ्या चौकटी भरलेल्या आहेत. पुढच्या चौकटीत ‘एमआर’ (गोवर-रुबेला) असे छापले आहे. सर्दी-खोकल्यासाठी ज्या खासगी बालरोगतज्ज्ञांकडे आम्ही जातो, त्यांनी दिलेल्या फाइलमध्ये मात्र त्याच वयासमोर ‘एमएमआर’ लिहिलेले आहे. मधला एक ‘एम’ म्हणजे गालगुंड, एवढे मला कळले. तो सरकारी लसीत का नाही, तो नसल्याने किती बिघडते, आणि एक डोस सरकारी व दुसरा खासगी असे केले तर चालते का, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरी अडचण घरातली आहे. माझ्या आईचे म्हणणे असे, की गोवर प्रत्येकाला एकदा येतोच आणि लहानपणी येऊन गेलेला बरा. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे आदराव्यतिरिक्त काही नाही. ज्यांना नेमके ठाऊक आहे त्यांनी कृपया लिहावे.

निमपान, सोलापूर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. थोडक्यात उत्तर असे, की नऊ महिने पूर्ण झाल्यावर या दोहोंपैकी जी लस आधी मिळेल ती घ्यावी आणि निवडीच्या विचारात महिना घालवू नये. पण कारण समजल्याशिवाय पालकांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये, म्हणून सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ पासून आहे. तिचा दुसरा डोस २०१० पासून सुरू झाला. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने एकट्या गोवराच्या लसीची जागा गोवर-रुबेला म्हणजे एमआर लसीने घेतली. पहिल्या टप्प्यात कर्नाटक, तमिळनाडू यांच्यासोबत गोवाही होता, आणि महाराष्ट्रात ही मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. आजच्या सरकारी वेळापत्रकात पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत आहे. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या वेळापत्रकात एमएमआरचे तीन डोस आहेत: ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षे. दोन्ही लसींमध्ये गोवर आणि रुबेला यांचे दुर्बल केलेले जिवंत विषाणूच असतात, त्यामुळे एक डोस इकडे आणि एक तिकडे घेतल्याने काहीही बिघडत नाही. दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर असले म्हणजे झाले.

गालगुंड वगळण्यामागचा विचार असा, की त्याने मृत्यू क्वचितच होतो, आणि सार्वजनिक पैसा आधी जिथे जीव जातात तिथे खर्च व्हावा. हा विचार मला समजतो, पण पुरेसा वाटत नाही. वयात आलेल्या मुलांना गालगुंड झाले तर वृषणांना सूज येते, काहींच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते, आणि क्वचित एका कानाचे ऐकणे कायमचे जाते. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ मध्ये केरळात गालगुंडाची मोठी साथ आली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. ज्यांना परवडते त्यांनी १५ महिन्यांचा डोस एमएमआरचा घ्यावा, असे मी सांगतो. ज्यांना परवडत नाही त्यांचे गोवराच्या बाबतीत तसूभरही नुकसान होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

आता वयाविषयी. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि ती असेपर्यंत लसीतला विषाणूही निष्प्रभ करतात. म्हणून जिथे गोवर फारसा उरलेला नाही, त्या देशांत पहिला डोस एक वर्षानंतर देतात. आपल्याकडे तेवढे थांबणे धोक्याचे आहे, कारण त्या तीन महिन्यांतच गोवर गाठू शकतो. या घाईची किंमत अशी, की नऊ महिन्यांच्या डोसाने शंभरांपैकी सुमारे ८५ मुलांनाच संरक्षण मिळते. उरलेली पंधरा मुले कोणती, हे कोणाच्याही कपाळावर लिहिलेले नसते. दुसरा डोस त्यांच्यासाठी आहे. पालक त्याला ‘बूस्टर’ म्हणतात आणि बूस्टर म्हटले, की तो ऐच्छिक वाटू लागतो. माझ्या मते या लसीच्या बाबतीत हा शब्दच वापरू नये.

जुनी_पाटी, वाई

उंबरठा यांच्या मातोश्रींच्या पिढीची मी आहे, म्हणून लिहिते. आमच्या लहानपणी वाड्यात एका घरी गोवर आला, की आठ-पंधरा दिवसांत सगळ्या बिऱ्हाडांत फिरत असे. दाराला कडुनिंबाची डहाळी लागायची, घरात फोडणी बंद व्हायची, आजारी मुलाला मनुकांचे पाणी द्यायचे आणि गोवर पूर्ण अंगावर आला पाहिजे, दबता कामा नये, म्हणून त्याला बंद खोलीत पांघरुणात ठेवायचे. त्या सगळ्यात माया होती, हे मी नाकारणार नाही. पण माझा धाकटा भाऊ गोवर अंगावर फुलून मावळल्यानंतर दहा दिवसांनी छाती भरून गेला. तो गोवराने गेला असे घरात कोणी कधी म्हटले नाही; ‘गोवर बरा झाला होता, मग न्यूमोनिया झाला’ असेच सांगितले गेले. मीही तेच सांगत राहिले. पुढे नातवाच्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले तेव्हा प्रथमच दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या.

तुमच्या आईला उत्तर देऊ नका, एवढेच विचारा, की त्यांच्या पाठच्या-पुढच्या भावंडांपैकी किती वाढली.

निमपान, सोलापूर

जुनी_पाटी यांनी लिहिले ते वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे. गोवराचे बहुतेक मृत्यू पुरळामुळे होत नाहीत. त्यानंतरच्या न्यूमोनियाने, जुलाबाने, आणि सुमारे हजारात एकाला होणाऱ्या मेंदूच्या सुजेने होतात. गोवराचा विषाणू ज्या पेशींमध्ये शरीराची जुन्या आजारांची आठवण साठलेली असते त्यांनाच गाठतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासले, तेव्हा त्यांच्या आधीच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. गोवर होऊन गेलेला बरा, या समजुतीला याहून थेट उत्तर नाही: तो मूल घडवत नाही, त्याची पाटी पुसतो.

एक गोष्ट जाता जाता. गोवर झालाच तर उपाशी ठेवू नये, अंगावरचे दूध सुरू ठेवावे, आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी डॉक्टरांकडूनच द्यावेत. सहा महिन्यांखालील बाळाला प्रत्येक वेळी ५० हजार, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला एक लाख आणि वर्षावरील मुलाला दोन लाख एकक असे प्रमाण आहे. पूर्वी गोवरानंतर डोळे गेलेली मुले गावोगावी दिसत, ती बहुतांशी या जीवनसत्त्वाच्या अभावाने. हे डोस लसीला पर्याय नाहीत, आणि मनाने बाटली आणून पाजण्याचे औषध तर मुळीच नाही.

दोन_शब्द, ठाणे

चर्चा एका बाजूने चालली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. २०१८ च्या मोहिमेत माझ्या मुलाच्या शाळेने आदल्या दिवशी वहीत एक ओळ लिहून पाठवली आणि दुसऱ्या दिवशी लस दिली. त्याचे आधीचे दोन्ही डोस झाले होते. आठवड्याने त्याला ताप आला. मी शाळेत विचारले तेव्हा ‘सरकारी आदेश आहे’ एवढेच उत्तर मिळाले. एमएमआर आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांच्याविषयी इतके वाचायला मिळते, की धूर आहे तर कुठेतरी आग असेलच, असे पालकांना वाटले तर त्यांना अडाणी ठरवू नये.

अक्षरवाट, पुणे

आपल्या तक्रारीचे दोन भाग आहेत आणि माझ्या मते पहिला भाग पूर्णपणे रास्त आहे. पालकांना विश्वासात न घेता शाळेत लस देणे चूकच होते. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही पालकांच्या संमतीशिवाय मुलांना लस देता येणार नाही, अशीच भूमिका घेतली. आधी दोन डोस झालेल्या मुलाला पुन्हा का, याचे उत्तर साधे होते: मोहिमेत ९ महिने ते १५ वर्षांखालील प्रत्येक मुलाला, आधीच्या लसी न पाहता, एक जादा डोस द्यायचा होता, कारण आधीच्या सरकारी लसीत रुबेला नव्हता आणि कार्डे बहुतेकांनी हरवली होती. जादा डोसाने अपाय होत नाही. हे दोन वाक्यांत वहीत लिहिता आले असते. आठवड्यानंतरचा तापही अपेक्षित असतो. लसीतला विषाणू शरीरात हळूहळू वाढतो, म्हणून ताप किंवा बारीक पुरळ बहुधा ५ ते १२ दिवसांनी दिसते. तापात आकडी येण्याचे प्रमाण तीन-चार हजार डोसांमागे एक असे आहे, आणि ती भीतिदायक असली तरी मागे काही ठेवून जात नाही.

दुसऱ्या भागाविषयी मात्र नेमके बोलले पाहिजे. धूर कोणी केला हे आता नोंदीत आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एमएमआरचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा एक लेख छापला. ब्रायन डीअर या पत्रकाराने पुढे दाखवून दिले, की लस उत्पादकांवर खटले भरू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदी लेखात बदलल्या गेल्या होत्या. फेब्रुवारी २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे नाव ब्रिटिश वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. दरम्यान इंग्लंडमधले लसीकरण ८० टक्क्यांपर्यंत घसरले होते. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या प्रमाणात वाढ दिसली नाही. स्वमग्नतेची लक्षणे पालकांच्या ध्यानात येण्याचे वय आणि या लसीचे वय एकच असल्यामुळे आईबापांच्या मनात सांगड बसते, हे मी समजू शकतो. त्यांच्या दुःखाला नाव देणारा कोणीतरी हवा असतो, आणि वेकफिल्ड यांनी नेमके तेच विकले.

शीतसाखळी, रत्नागिरी

मी आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाले आहे. डॉक्टर लसीतील विषाणूंविषयी लिहितात. मी लसीच्या डब्याविषयी लिहिते, कारण माझ्या अनुभवात लोकांचा विश्वास बसतो किंवा उडतो तो तिथेच.

ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. सत्राच्या ठिकाणी तिच्यात सोबत आलेले द्रावक मिसळावे लागते, आणि ते द्रावकही लसीइतकेच थंड असावे लागते. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये करावी लागते. कुपीवरच्या उष्णता दाखवणाऱ्या खुणेतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला, तर ती कुपी उष्णतेने गेली असे समजून बाजूला ठेवायची. एकदा द्रावक मिसळले, की फार तर चार तास. त्यानंतर उरलेली लस फेकायची. यात जंतू रोखणारे रसायन नसते, त्यामुळे उरलेली लस दुसऱ्या दिवशी वापरणे म्हणजे जंतूंना मेजवानी देणे आहे. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात या लसीनंतर तीन बालके दगावली, तेव्हा चौकशीचे बोट साठवणीतल्या आणि हाताळणीतल्या चुकीकडेच गेले. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात जुलै २०१८ मध्ये परिचारिकांनी द्रावकाऐवजी स्नायू शिथिल करणारे मुदत संपलेले औषध मिसळले आणि दोन बाळे गेली. सरकारने तिथे अनेक महिने लसीकरण थांबवले, लोकांचा विश्वास गेला, आणि २०१९ च्या अखेरीस गोवर पोहोचला तेव्हा जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ जण मरण पावले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. चूक झाली ती दोन कुप्यांत आणि किंमत मोजली ती सबंध देशाने.

म्हणून पालकांनी विचारावे: कुपी किती वाजता फोडली? ही वेळ कुपीवर लिहिलेली असते. चांगली सेविका या प्रश्नाचा राग मानत नाही.

आता एक गोष्ट आमच्याच बाजूची. एका कुपीत अनेक डोस असतात. पाड्यावर एकच बाळ आले, तर कुपी फोडून उरलेली वाया घालवायची, की बाळाला पुढच्या महिन्यात बोलवायचे? एका मुलासाठीही कुपी फोडा, अशी स्पष्ट सूचना आहे. पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब बैठकीत विचारला जातो आणि परत पाठवलेल्या बाळाचा कोणी विचारत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत दोन-तीनदा बाळे परत पाठवली आहेत. त्यातले एक पुन्हा आलेच नाही. तसेच सर्दी आहे, थोडे जुलाब आहेत, म्हणून परत पाठवणे; हे लस टाळण्याचे कारण नव्हे, तरी आजही सर्रास घडते.

ऊसफड, गेवराई

शीतसाखळी यांनी ‘पुन्हा आलेच नाही’ असे लिहिले, त्या मुलांपैकी काही आमच्या भागातली असतील, असे वाटून गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या तांड्यांवरून ऊसतोडीसाठी कोयत्याच्या जोड्या, म्हणजे नवरा-बायको, निघतात आणि पाडवा, कधी कधी अक्षय्य तृतीया उलटेपर्यंत परत येत नाहीत. जानेवारीत जन्मलेले मूल ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नेमके गाडी भरायच्या वेळी, नऊ महिन्यांचे होते. त्याचा पहिला डोस घाईत झाला तरी पुढच्या वर्षी सोळाव्या महिन्यापासूनचा काळ गावात जेमतेम पावसाळ्यापुरता मिळतो, आणि त्या दिवसांत आई खुरपणीला असते. त्यानंतर मूल दोन वर्षांचे होईपर्यंत कारखान्याच्या तळावर, कधी सांगलीत, कधी कर्नाटकात.

या आईबापांपैकी एकानेही माझ्यासमोर लसीला नकार दिलेला नाही. त्यांनी वेकफिल्डचे नाव ऐकलेले नाही. त्यांच्याकडे कार्ड असते, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत जपलेले असते. फक्त तळावर कोणी ते मागत नाही. ज्या गावात कारखाना आहे तिथल्या आशाताईंच्या यादीत ही मुले नसतात आणि इथल्या यादीत ‘स्थलांतरित’ असा शेरा असतो. दोन याद्यांच्या मधल्या जागेत मूल मोठे होते. दोन_शब्द यांच्यासारख्या जागरूक पालकांच्या शंकांवर जेवढी शाई खर्च होते, तिच्या दशांशानेही या रिकाम्या चौकटीविषयी लिहिले जात नाही, अशी माझी तक्रार आहे आणि ती या धाग्यालाही लागू आहे.

खाडीकाठ, मुंबई

ऊसफड यांच्या म्हणण्याला शहरातला पुरावा देते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवराची साथ सुरू झाली, तेव्हा मी एका स्वयंसेवी गटासोबत घरोघरी फिरत होते. आम्हाला तिथे विरोध मुळीच भेटला नाही असे नाही; काही घरांत ताप येतो म्हणून दार लावून घेतले गेले. पण त्याहून जास्त वेळा उत्तर असे आले: कोरोनाच्या काळात गावी गेलो होतो, तेव्हा डोस राहिला, मग मूल मोठे झाले, आता चालतो का? दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे, आणि गोवराचा विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून मूल तो पसरवत असते, म्हणजे आजारी मूल ओळखून वेगळे करेपर्यंत सगळ्या चाळीला प्रसाद मिळालेला असतो. एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते असे पुस्तकात लिहितात. तिथे ते डोळ्यांनी पाहिले. त्यामुळेच ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झाल्याशिवाय हा आजार थांबत नाही.

त्या वेळी साथीच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस दिला, आणि जिथे नऊ महिन्यांखालील बाळांनाही गोवर होत होता तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना ‘शून्य डोस’ दिला गेला. शून्य म्हणण्याचे कारण एवढेच, की तो मोजायचा नाही. पुढचे दोन्ही डोस ठरलेल्या वयात घ्यायचेच. हे समजावताना आमची दमछाक झाली. ‘एकदा टोचले ना?’ या प्रश्नाला शून्याचे गणित सांगणे सोपे नसते.

हिवाळी_घर, न्यू जर्सी

‘मोजायचा नाही’ यावरून आमचा अनुभव. मुलाचे दोन्ही एमआर डोस पुण्यात झाले होते आणि कार्ड सोबत होते. इथे शाळेत घालताना कळले, की पहिल्या वाढदिवसाच्या आधी घेतलेला डोस इथे धरत नाहीत, आणि एमआरमध्ये गालगुंड नसल्यामुळे तेही अपुरे. त्याला एमएमआर पुन्हा द्यावी लागली. मला आधी याचा राग आला होता, आता निमपान यांनी वयाचे कारण सांगितले तेव्हा तो निवळला. परदेशी जाण्याची शक्यता असलेल्यांनी वर्षानंतरचे डोस एमएमआरचेच घ्यावेत. आणि इथे गोवर नाही अशा भ्रमात राहू नये: २०२५ मध्ये टेक्सासच्या गेन्स परगण्यात सुरू झालेल्या साथीत ७६० हून अधिक लोकांना गोवर झाला आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले दगावली.

खुणांची_भाषा, पुणे

इतके प्रतिसाद आले, पण एमआरमधल्या ‘आर’विषयी कोणीच लिहिले नाही. त्यात नवल नाही. रुबेला हा मुलांना होणारा इतका सौम्य आजार आहे, की अंगावर पुरळ येऊन गेल्याचे कित्येकदा आईच्याही लक्षात राहत नाही. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत बावीस वर्षे शिकवते आहे. प्रवेशाच्या वेळी आम्ही गरोदरपणातला इतिहास विचारतो. तिसऱ्या महिन्याच्या आत ताप-पुरळ येऊन गेल्याचे सांगणाऱ्या आया मला भेटल्या आहेत, आणि त्यांची मुले नुसती ऐकू न येणारी नसतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, हृदयाला छिद्र असलेली असतात.

हा संबंध ओळखला तो सिडनीतल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने, १९४१ मध्ये. जन्मजात मोतीबिंदू असलेली इतकी बाळे एकदम का येऊ लागली, याचा विचार करताना त्यांनी आयांकडे चौकशी केली. ७८ पैकी ६८ बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीनंतर सुमारे २० हजार बाळे या दोषांसह जन्मली.

रुबेलाची लस थोड्या मुलांना देणे हे कोणालाच न देण्यापेक्षा वाईट ठरू शकते, हे फार जणांना ठाऊक नसते. निम्म्या मुलांना लस दिली, तर विषाणूचा वावर मंदावतो आणि उरलेल्या मुलींना तो बालपणी न गाठता विसाव्या-पंचविसाव्या वर्षी, नेमका गरोदरपणात गाठतो. ग्रीसमध्ये १९९३ मध्ये असेच घडले. म्हणून २०१८ ची मोहीम पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना एकदमच घ्यावी लागली. दोन_शब्द, आपल्या मुलाला मिळालेला तो तिसरा डोस त्याच्यासाठी नव्हताच म्हणा. कदाचित त्याच्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या, अजून न जन्मलेल्या बाळासाठी होता. हे तेव्हा आपल्याला कोणी सांगायला हवे होते.

लग्न ठरलेल्या आणि लस न झालेल्या तरुणींनी डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. मात्र गरोदरपणात ही लस देत नाहीत आणि घेतल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते.

दोन_शब्द, ठाणे

शेवटचा मुद्दा मला खरोखर ठाऊक नव्हता. वहीतली ती ओळ अशी आली असती, तर मी शाळेत भांडायला गेलो नसतो.

उंबरठा, नाशिक

सर्वांचे आभार. परवा मुलीला महापालिकेच्या दवाखान्यात एमआर दिली. उजव्या दंडावर टोचले. कुपी किती वाजता फोडली असे विचारले, तेव्हा सिस्टरांनी चमकून पाहिले आणि मग कुपीच फिरवून दाखवली: दहा वाजून वीस मिनिटे. पंधराव्या महिन्यात एमएमआर घ्यायचे ठरवले आहे. आईला जुनी_पाटी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. रात्री मात्र तिने तिच्या एका बहिणीचे नाव घेतले, जे मी आजवर कधी ऐकले नव्हते.

आता आणखी एक प्रश्न. आमच्या इमारतीचे बांधकाम चालू असताना आलेले एक कुटुंब शेजारच्या प्लॉटवर राहते. ऊसफड यांचे लिहिणे वाचून मी सहज त्यांच्या मुलाचे कार्ड पाहिले. पहिला डोस आहे, दुसरी चौकट रिकामी आहे. मूल आता साडेतीन वर्षांचे आहे. अजून देता येईल का, की पहिल्यापासून सुरू करावे लागते?

शीतसाखळी, रत्नागिरी

पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो. जुने कार्ड सोबत न्या, पत्ता इथला नाही म्हणून कोणी हरकत घेतली तर आशाताईंना त्यांच्या यादीत नाव घालायला सांगा, आणि मुलाला सर्दी असली तरी न्या. तुमच्या दवाखान्यात सत्राचा वार कोणता आहे ते आधी विचारून ठेवा. त्या दिवशी त्याच्या आईची हजेरी बुडेल, त्यामुळे मुकादमाशी तुम्हीच बोललात तर बरे.

उंबरठा, नाशिक

बुधवार. मुकादमाशी बोललो आहे.